सही नसलेल्या गाड्या

ऑगस्टच्या शेवटी देवासहून काकांचा फोन आला. "शेडचा सौदा झालाय. नवरात्राआधी रिकामी करून द्यायची आहे. तुला काही बघायचं असेल तर येऊन जा. नाहीतर सगळं भंगारवाल्याला देतोय."

शेड म्हणजे आमच्या आजोबांचा कारखाना. खरं तर कारखाना हा शब्द जरा मोठाच. आग्रा-मुंबई रस्त्याला लागून एक लांबलचक पत्र्याची शेड, मागे चिंचेचं झाड आणि पुढे दोन बस उभ्या राहतील एवढं अंगण. इथे बस आणि ट्रकच्या बॉड्या बांधल्या जायच्या. आजोबांनी सुरू केलं, काकांनी चालवलं आणि काही वर्षांपूर्वी काकांनीच कुलूप लावलं. माझे बाबा या धंद्यात आले नाहीत, बँकेत लागले. मी बीई करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आलो. म्हणजे शेडवर हक्क सांगावा असं आम्ही काहीच केलेलं नव्हतं. तरीही "भंगार" हा शब्द टोचला. माझी मुलगी सहावीत आहे. तिला म्हटलं, चल, पणजोबांचा कारखाना बघून येऊ. शुक्रवारी रात्री पुणे-इंदूर गाडीत बसलो.

गाडीत तिने विचारलं, "बस तर कंपनी बनवते ना? मग पणजोबा काय बनवायचे?"

प्रश्न रास्त होता. आज आपण शोरूममध्ये जातो आणि तयार गाडी घेऊन येतो. पण कितीतरी वर्षं बसच्या बाबतीत तसं नव्हतं. कंपनी फक्त चासी द्यायची. इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि दोन लांब लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, एवढंच. दारं नाहीत, छप्पर नाही, काच नाही. अशा उघड्या चासींची रांगच्या रांग हायवेने जाताना माझ्या लहानपणी मी पुष्कळदा पाहिली आहे. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसलेला, डोक्या-कानाला गमछा गुंडाळलेला, डोळ्यांवर गॉगल. ऊन असो की पाऊस, शेकडो किलोमीटर तो असाच यायचा. ती चासी आमच्यासारख्यांच्या अंगणात येऊन थांबायची आणि महिना-दीड महिन्याने बस होऊन बाहेर पडायची.

आपल्या एसटीचंही तसंच आहे. १ जून १९४८ ला पुणे-नगर अशी पहिली एसटी धावली, तिची बॉडी लाकडी होती. पुढे महामंडळाने दापोडीला स्वतःची मोठी कार्यशाळा उभी केली आणि कंपनीकडून आलेल्या चासीवर आपल्या लाल गाड्या तिथे बांधल्या. आपण जिच्या खिडकीत बसून मामाच्या गावाला गेलो, ती बस कुणीतरी हाताने रिव्हेट मारून जोडलेली होती.

इंदूर स्टेशनवर पोहे-जिलबी खाऊन आम्ही देवासला पोचलो. पाऊस सरत आला होता, सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं आणि लांबूनच माता टेकडी दिसली. देवासला पहिल्यांदा येणाऱ्या मुलांना मी एक गंमत हमखास सांगतो. हे एकच गाव, पण त्यावर दोन राजे होते. पवार घराण्यातले तुकोजी आणि जिवाजी हे दोघे भाऊ. त्यांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन वेगळी संस्थानं, आणि गावाच्या गल्ल्यासुद्धा दोघांत वाटलेल्या. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव म्हणून इथे राहिला होता आणि पुढे त्याने या दिवसांवर पुस्तक लिहिलं. १९४८ साली कुमार गंधर्व आजारपणात हवापालटासाठी इथे आले आणि कायमचे इथलेच झाले. देवास म्हटलं की आपल्या घरांत ही नावं निघतात. ती निघावीतच. पण याच गावात माझे पणजोबा संस्थानच्या बग्गीखान्यात सुतारकाम करत होते, आणि त्यांचं नाव आमच्या घराबाहेर कुणालाच माहीत नाही.

काकांनी शेडचं कुलूप उघडलं. आत चिमणीची घरटी, धूळ आणि गंजलेल्या पत्र्याचा वास. एका कोपऱ्यात बाभळीचा भलामोठा ओंडका उभा होता, वरून वाटीसारखा खोलगट झालेला. भिंतीला लाकडी फर्मे टेकवलेले होते. फर्मा म्हणजे आकार तपासायचा साचा. पत्रा ठोकत जायचं आणि मधूनमधून फर्म्याला लावून बघायचं, की वळण बरोबर आलंय का. मुलीने ओंडक्यातल्या खड्ड्यात हात घालून विचारलं, "हे असं कोरलंय का?"

"कोरलं नाही गं. पत्रा ठोकून ठोकून झालंय," काका म्हणाले. "वीस-पंचवीस वर्षांत."

फर्मे बहुतेक बसचे होते. मागच्या कोपऱ्याचे, टपाच्या कमानीचे. त्यांत एक अगदी वेगळा निघाला. लहान, नाजूक वळणाचा. त्यावर पांढऱ्या रंगात देवनागरीत लिहिलेलं होतं, "हेराल्ड, डावा".

काकांना हसू आलं. गावातल्या एका डॉक्टरांकडे स्टँडर्ड हेराल्ड होती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, साठ आणि सत्तरच्या दशकांत मद्रासला बनणारी ही छोटी गाडी. ॲम्बॅसेडर आणि फियाटच्या बरोबरीने आपल्या रस्त्यांवर दिसायची. तिचं बॉनेट मडगार्डांसकट एका तुकड्यात पुढच्या बाजूला उघडायचं, मगरीने जबडा वासावा तसं. डॉक्टरांनी ती बैलगाडीवर घातली आणि डाव्या बाजूचा पुढचा भाग चेपला. मद्रासहून नवीन भाग यायला महिने लागणार होते. आजोबा म्हणाले, आम्ही बसवाले, पण बघतो. त्यांनी शाबूत असलेल्या उजव्या बाजूवरून माप घेतलं, ते उलटं करून डावीकडचा फर्मा कापला आणि मिस्त्रीने या ओंडक्यावर तो भाग ठोकून काढला. "लांबी भरून रंग दिल्यावर डॉक्टरांनाच कळेना, कुठली बाजू कंपनीची आणि कुठली आमची," काका म्हणाले.

त्या रात्री गच्चीवर मी मोबाइलवर हेराल्डचा इतिहास वाचत बसलो आणि वाचता वाचता थेट इटलीत, तुरीनला पोचलो.

हेराल्डची रचना जोव्हान्नी मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाची. इंग्लंडच्या कंपनीने १९५७ मध्ये त्याच्याकडून ती आखून घेतली आणि तिचा पहिला नमुना तुरीनमधल्या आल्फ्रेदो विन्यालेच्या कारखान्यात बांधला गेला. हा विन्याले कोण? तर मूळचा पत्रा ठोकणारा कारागीर. जन्म १९१३ चा. लहान वयात कामाला लागला आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर त्याने आपला छोटा कारखाना थाटला. इटालियन भाषेत अशा कारखान्याला कारोझ्झेरिया म्हणतात. मूळ अर्थ बग्गी बनवण्याची जागा. म्हणजे आमच्या पणजोबांचा बग्गीखाना आणि आजोबांची शेड, दोन्ही एका शब्दात.

कामाची पद्धतही तीच. मोटार कंपनीकडून चासी यायची, तिच्यावर तारेचा किंवा लाकडाचा सांगाडा उभा करायचा आणि पत्रा ठोकून त्या आकारावर बसवायचा. फेरारी तेव्हा नुकतीच सुरू झालेली, छोटी कंपनी होती. तिच्या शर्यतीच्या गाड्यांना विन्यालेने बॉड्या चढवल्या. इटलीत 'मिल्ले मिलिया' ही हजार मैलांची, साध्या रस्त्यांवरून होणारी शर्यत फार प्रतिष्ठेची. १९५१, १९५२ आणि १९५३ अशी लागोपाठ तीन वर्षं ती जिंकणाऱ्या फेरारींची बॉडी विन्यालेची होती. ओंडक्यावर ठोकलेली!

मग धंदा वाढला. १९६१ मध्ये विन्यालेने तुरीनबाहेर ग्रुल्यास्कोला मोठा कारखाना काढला. पण तोवर वारं फिरलं होतं. आता गाड्यांना वेगळी चासीच राहिली नव्हती. बॉडी आणि सांगाडा मिळून एकच कवच, आणि सगळा भार त्या कवचानेच पेलायचा. हे कवच मोठमोठ्या प्रेसवर छापून निघतं. एका डायचा खर्च इतका की हजारो गाड्या काढल्या तरच परवडतं. चासीच मिळेना, तर तिच्यावर बॉडी कोण बांधणार? विन्यालेने फियाटच्या छोट्या गाडीवर 'गामीने' नावाची खेळण्यासारखी उघडी गाडी काढून पाहिली. ती फारशी खपली नाही. १९६९ मध्ये त्याने कंपनी विकली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मोटार अपघातात तो गेला. आज 'विन्याले' हे नाव फोर्डच्या मालकीचं आहे आणि फोर्डने ते आपल्या गाड्यांच्या महागड्या मॉडेलना लावलं.

तुरीनमधली सगळीच घराणी अशी बुडाली नाहीत. १९३० मध्ये सुरू झालेली पिनिनफारिना टिकली, आणि २०१५ मध्ये ती आपल्या मुंबईच्या महिंद्राने घेतली. टाटांनी १९९८ मध्ये इंडिका आणली, तिचं रूप ठरवतानाही पुण्याच्या अभियंत्यांनी तुरीनच्याच एका संस्थेची मदत घेतली होती. तुरीन आणि आपण तितके लांब नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुट्ट्याच्या किसाचा डबा बरोबर घेऊन आम्ही तिघे धारला निघालो. ज्या मिस्त्रीने ती हेराल्ड ठोकली, तो आता धारला मुलाकडे राहतो. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. काकांच्या मते शेडमधल्या हातोड्यांवर पहिला हक्क त्यांचा. ओंडका डिकीत मावणं शक्यच नव्हतं. हातोडे, मोगऱ्या, कैच्या आणि हिशेबाच्या दोन जुन्या वह्या घेतल्या.

इंदूरचा बायपास ओलांडून राऊवरून पीथमपूरला लागलं की रस्त्याचं रूप बदलतं. धार जिल्ह्यातलं हे औद्योगिक गाव १९८० च्या दशकात उभं राहिलं आणि त्याला भारताचं डेट्रॉइट म्हणू लागले. त्यात आपल्या पुण्या-नगरच्या फिरोदियांचा वाटा मोठा. कायनेटिक होंडा स्कूटर इथली आणि लग्नाच्या वऱ्हाडापासून शिर्डीच्या सहलीपर्यंत आपण जिच्यात कोंबून बसतो, ती ट्रॅव्हलरही इथलीच. १९८६ पासून आयशरचे ट्रक इथे बनू लागले. पुढे आयशर आणि व्होल्वो एकत्र आल्यावर बग्गड इथे बस बांधायचा मोठा कारखाना झाला. इथेच नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगचाचणी मार्ग आहे, जून २०२१ मध्ये उद्घाटन झालेला. त्यावर गाड्या अशा वेगाने पळवता येतात की आपल्याला कल्पनाही करवत नाही.

काका खिडकीबाहेर बघत होते. "आमचं काम इथे आलं," ते म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता, हिशेब होता. मध्य प्रदेशची सरकारी बससेवा २००५ च्या सुमारास बंद पडली तेव्हा खासगी बसवाले वाढले आणि काही वर्षं शेडला उसंत नव्हती. मग तयार बस मिळू लागली. कर्ज पटकन, डिलिव्हरी पटकन. त्यातच बस बॉडी कोड आला. दार किती रुंद, संकटकाळी बाहेर पडायच्या वाटा किती आणि कुठे, सीट किती भक्कम हवी, छप्पर किती भार झेललं पाहिजे, सगळं लिहून ठरलेलं. चाचण्या करून मान्यता घ्यायची. त्याचा खर्च आमच्यासारख्या शेडला झेपणारा नव्हता. "पहिल्यांदा कुणीतरी कागद मागितला तेव्हाच मला कळलं, की झालं," काका म्हणाले.

मला तेव्हा बोलायलाच हवं होतं, कारण ही गोष्ट मी काकांना कधी सांगितली नव्हती. माझं काम काय, तर "कॉम्प्युटरचं", एवढंच त्यांना माहीत. खरं काम असं आहे की बस बांधण्याआधीच ती कॉम्प्युटरवर उलटवून बघायची. प्रत्यक्ष चाचणीत बस ८०० मिलिमीटर उंच ओट्यावर उभी करतात आणि हळूहळू कलती करत जातात. एका क्षणी ती तोल जाऊन खाली आदळते. त्यानंतर बघतात, की प्रवाशांभोवतीची ठरावीक जागा शाबूत राहिली का, की एखादा खांब किंवा छप्पर आत घुसलं. हेच गणिताने आधी करून बघणारं सॉफ्टवेअर आमची टीम लिहिते. म्हणजे काकांच्या शेडला जो कागद मिळवता आला नाही, तो कागद मिळवून देणारी यंत्रणा मी बनवतो. त्यावर माझं घर चालतं, मुलीची फी भरली जाते.

घाटाबिल्लोदच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर मी हे सगळं सांगून टाकलं. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली, २५ माणसं गेली, तेव्हा दार असलेलीच बाजू खाली आली होती, हेही बोललो. का बोललो कोण जाणे. स्वतःची बाजू मांडायला असेल.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपली एक बस मानपूरच्या घाटात उलटली होती. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. माणसं वाचली, पण एकाचा हात गेला. टप दबलं होतं. बाबा जाऊन बघून आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. त्यानंतर आपल्या प्रत्येक बसला टपाखाली दोन कमानी जास्त लागल्या. मालक म्हणायचे, वजन वाढतं, डिझेल जास्त जातं, काढा. बाबा म्हणायचे, मग दुसरीकडे जा. तीन ऑर्डर गेल्या तशा." चहाचा ग्लास ठेवत ते म्हणाले, "तुझं मशीन जे आधी सांगतं, ते बाबांना बस उलटल्यावर कळलं. त्यांना आधी कळलं असतं तर बरं झालं असतं."

मी त्यांच्याकडून रागाची अपेक्षा केली होती. हे ऐकायची नाही.

धारमध्ये शिरताना किल्ल्याचा लालसर दगड दिसतो. दुसरा बाजीराव पेशवा या किल्ल्यात जन्मला, १७७५ साली. मुलीला हे पाठ्यपुस्तकाबाहेरचं वाटलं. पण तिला मला आधी दुसरंच काहीतरी दाखवायचं होतं. लाट मशिदीच्या आवारात एका ओट्यावर धारचा लोहस्तंभ आडवा ठेवलेला आहे. तीन तुकडे झालेत. जोडले तर जवळपास १३ मीटर लांब, वजन सुमारे ७ टन. दिल्लीच्या प्रसिद्ध स्तंभापेक्षा हा लांबीला कितीतरी जास्त. अभ्यासक तो राजा भोजाच्या काळातला, म्हणजे अकराव्या शतकातला मानतात. हा ओतलेला नाही. तापवलेले लोखंडाचे गोळे एकावर एक ठोकून, जोडत जोडत वाढवलेला आहे. अंगावर जागोजागी छिद्रं आहेत. घडवताना एवढं धूड उचलायला आणि फिरवायला त्यांत सळ्या घालत असावेत, असा तर्क आहे.

काका त्या छिद्रांपाशी खूप वेळ रेंगाळले. "किती माणसं लागली असतील एका वेळी," ते स्वतःशीच म्हणाले.

स्तंभावर फारसी लेख आहे. १५९८ मध्ये दख्खनकडे जाताना अकबर इथे थांबला होता, त्याची नोंद. मी ते सांगितल्यावर मुलीने विचारलं, "आणि ज्यांनी बनवला त्यांचं नाव?"

"ते कुणालाच माहीत नाही."

"म्हणजे जो नुसता थांबला त्याचं नाव आहे, आणि बनवणाऱ्यांचं नाही?"

यावर आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं.

चाचांचं घर जुन्या वस्तीत आहे. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, पण हातोड्यांची पिशवी समोर ठेवताच त्यांनी एकेक हातोडा उचलून तोलून पाहिला आणि दोन वेगळे काढले. "ये मेरे नहीं हैं।" मग हेराल्डचा फर्मा पाहिला आणि लगेच ओळखला. मी त्यांना मोबाइलवर विन्यालेच्या कारखान्यातले जुने फोटो दाखवले. शर्टाच्या बाह्या दुमडलेले कारागीर, लाकडी ओंडका, त्यावर पत्रा. चाचांनी फोटो मोठा करून घेतला आणि त्या माणसाच्या हाताकडे बोट दाखवून म्हणाले, हा बरोबर धरतोय, मनगट सैल आहे. तो इटलीचा आहे, फेरारीचा आहे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

मुलीने तिचा प्रश्न त्यांनाही विचारला. त्यांनी बनवलेल्या बसवर कुठे नाव लिहिलं होतं का?

चाचा हसले. "नाम तो सेठ का पड़ता था, बेटा। इतना बड़ा।" दोन्ही हात पसरून त्यांनी दाखवलं. मग म्हणाले, त्यांना नावाची गरज पडत नसे. बसच्या मागच्या कोपऱ्याचं वळण बघून ते शंभर पावलांवरून सांगू शकत, ही देवासची, ही इंदूरची आणि ही माझी.

परतताना मी विन्यालेचाच विचार करत होतो. त्याचं नाव तरी उरलं. पण त्याच्या गाड्यांवर नाव होतं ते कारखान्याचं. रेषा बऱ्याचदा मिकेलोत्तीची असायची आणि त्याचं नाव त्या काळात सामान्य लोकांपर्यंत पोचलंच नाही. आणि पत्रा ठोकणाऱ्यांचं? फोटोत मनगट सैल ठेवून उभा असलेला तो माणूस कोण, हे फोटोखाली लिहिलेलं नाही. म्हणजे तुरीनलाही सही मालकाचीच होती.

आमच्याकडे मात्र वह्या आहेत. आजोबांच्या अक्षरातल्या. प्रत्येक बसचं पान वेगळं. चासी कधी आली, लाकूड किती, पत्रा किती गेजचा, आणि खाली रोजच्या हजेरीत नावं. सुतार, लोहार, पत्र्याचा मिस्त्री, रंगारी, गाद्या शिवणारा. एका पानावर रंगाऱ्याच्या नावापुढे लिहिलंय, "मुलीचं लग्न, सहा दिवस सुट्टी, पैसे कापू नयेत." घाटातल्या अपघातानंतरच्या पानांवर "कमान २ जादा" असा शेरा पानागणिक येतो आणि त्यापुढे खर्चाच्या रकान्यात शून्य, म्हणजे गिऱ्हाइकाकडून त्याचे पैसे घेतलेले नाहीत. माझ्या ऑफिसात याला आम्ही डिझाइन बदलाची नोंद म्हणतो आणि त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर विकत घेतो.

शेड गेली. ती जायचीच होती, आणि त्या जागी आता जे काही होईल त्याबद्दल मला तक्रार नाही. ओंडका काकांनी अंगणात ठेवून घेतला, काकूंची तुळस त्याच्या शेजारी आहे. हातोडे चाचांकडे. त्यांचा नातू धारलाच डेंटिंग-पेंटिंगचं दुकान चालवतो, तो वापरेल. हेराल्डचा फर्मा पुण्याला माझ्या टेबलामागच्या भिंतीवर आहे. दोन्ही वह्यांची पानं मी स्कॅन केली आणि दर रविवारी मुलगी आणि मी बसून नावं टाइप करतो. आतापर्यंत ४३ वेगवेगळी नावं झाली. दोन ठिकाणी अक्षर लागत नाही, तिथे काकांना व्हिडिओ कॉल करतो. काका चष्मा पुसतात, वही कॅमेऱ्याजवळ आणायला सांगतात आणि मग नावाबरोबर त्या माणसाची सगळी गोष्ट सांगतात. त्यामुळे एका रविवारी एकच पान होतं.

आपल्यापैकी पुष्कळ घरांत असं काहीतरी असेल. माळव्यात, निमाडात, खानदेशात आपल्या लोकांनी टांगे बांधले, गाड्या दुरुस्त केल्या, छापखाने आणि गिरण्या चालवल्या. घर विकताना किंवा दिवाळीची साफसफाई करताना एखादी हिशेबाची वही, हजेरीचं पुस्तक, कामगारांसोबतचा जुना फोटो हाती लागला तर लगेच रद्दीत घालू नका. आधी घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला दाखवा, आणि फोटोच्या मागे नावं लिहून घ्या. पेन्सिलने लिहा, शाई उतरते.